कोंड्या, तो गुलाल नव्हता

कोंड्या, तू गेलास त्या दिवशी शिनोलीत माणूस किती जमलं होतं सांगू? दहा हजार. घोडेगावपासून डिंभ्याच्या धरणापर्यंत रस्ता बंद. भीमाशंकरला निघालेले भाविक गाड्यांतून उतरून विचारत होते, कोणता पुढारी गेला म्हणून. आता तू असतास तर डोळे बारीक करून म्हणाला असतास, "रामदास, चारानं भाग."

भागतो. अडीच हजार. बरं, तू उलट बोलायला नाहीस म्हणून मीच आणखी एकदा भागतो. सहाशे. पण सहाशे होतेच. तुझं दुसऱ्यांदा भागून झालं की माझा आकडा खरा असायचा, हे तुलाही माहीत होतं.

हा भागाकार तू सातवीत शोधून काढलास. शाळेमागच्या विहिरीत मी बारा हात साप पाहिला होता. तू दोरी घेऊन गेलास, मोजलास, आणि सगळ्या वर्गाला सांगितलंस की साप तीन हात आहे आणि रामदासच्या कोणत्याही आकड्याला यापुढे चारानं भागावं. गणितात नापास होणाऱ्या पोरांनाही हे एक गणित पाठ झालं. पुढे मी जीप घेतली, घोडेगाव ते तळेघर माणसं वाहायला लागलो, तेव्हा तळेघरच्या म्हाताऱ्यासुद्धा मला विचारायच्या, "किती वेळात पोचू रं? भागून सांग."

आणि तू? तू बैलगाडा शर्यतीचा निवेदक. शर्यतीच्या घाटाच्या चढावर एकेका बारीचे बैल सुटायचे, वर निशाण पडायचं, आणि घड्याळात जे आलं तेच तुझ्या तोंडून यायचं. बारा सेकंद सत्तेचाळीस म्हणजे बारा सेकंद सत्तेचाळीस. सख्ख्या मेहुण्याचा गाडा होता तेव्हा त्याला तू एक शतांशही सोडला नाहीस, आणि दिवाळीला सासरी तुला चकलीऐवजी तोंडं बघायला मिळाली. तालुक्यातला सगळ्यात खरा माणूस आणि सगळ्यात खोटा माणूस एकाच जीपमधून जत्रा फिरत होते. देवाला गंमत आवडते, दुसरं काय.

तुझ्या आवाजाबद्दल मात्र मी कधी फुगवून बोललो नाही. फुगवायला जागाच नव्हती. ऐन फायनलला वीज गेली होती, आठवतं? भोंगा मुका झाला, लोक ओरडायला लागले, आणि तू मंडपाच्या बल्लीवर चढून नुसत्या गळ्यानं पुकारलंस, "भिर्रर्र झाऽऽऽली!" पलीकडच्या उसातून बिबट्या बाहेर आला आणि बांधावर बसून पुढच्या तीन बाऱ्या बघून गेला. तू म्हणायचास ते कुत्रं होतं. असेल. पण बसलं होतं की नाही?

हे सगळं लांबण लावतोय, कारण तुला एक सांगायचं राहून गेलंय, आणि ते सांगायला माझी जीभ वळत नाही. माझी. ही जीभ.

तर गुलाल.

पहिल्यांदा झालं ते एका चैत्री जत्रेनंतर. जिंकलेल्या गाड्यावर गुलाल उधळतात आणि निवेदकाचा कट्टा बरोबर वाऱ्याच्या तोंडावर. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तू आ करून उभा. संध्याकाळी तुझे फक्त डोळे दिसत होते. दुसऱ्या दिवशी तुझा घसा बसला, ताप भरला, थुंकी गिळवेना. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तू मला गोठ्यामागं बोलावलंस.

"रामदास, हे बघ."

मी बघितलं. कोऱ्या चहात कुणी कुंकू कालवावं तशी लघवी. तुझा चेहरा पांढरा पडला होता. माझाही पडला असणार. पण मी घाबरलो की माझ्या तोंडून गोष्ट निघते, हा माझा जुना आजार. मी म्हटलं, "आरं, गुलाल हाय त्यो. दिसभर आ करून उभा व्हतास, पावशेर तरी पोटात गेला आसंल. बीट खाल्ल्यावर न्हाई का व्हत?"

तू विचार केलास. बीट तुला पटलं. मग हसायला लागलास, आणि तुझं हसू बघून मलाही ते खरं वाटायला लागलं. चार दिवसांत लघवी स्वच्छ झाली, म्हणजे गुलाल संपला. हिशेब जुळला की नाही?

महिन्याभरात माझी ती गोष्ट जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या घाटांवर पोचली. मीच पोचवली, जीप कुणाची होती? घाटाघाटावर लोक तुला रामराम घालण्याआधी विचारायचे, "कोंडीभाऊ, बाहेर पडला का?" गाडामालकांत चढाओढ लागली. एकाचा गुलाल तुला तीन दिवस पुरला म्हणून तो मिशीला पीळ देत फिरला. दुसरा बिचारा चांगल्यातला गुलाल आणायला लागला, तुझ्या पोटाला बाधू नये म्हणून. सीझनमध्ये दोन-तीनदा तुझा घसा धरायचा आणि एक-दोन दिवसांत गुलाल उतरायचा. सिंधूवहिनी तुला हळद-मिठाच्या गुळण्या देऊन देऊन थकल्या. तू गुळणी करून परत मैदानात.

आणि कोंड्या, माझ्या हजारो गोष्टींपैकी ही एकच तू भागाकार न करता घेतलीस.

मग ती आवणी आली. शर्यती बंद, गुलालाचा कण नाही. तू सासुरवाडीला, तळेघरला भात लावायला गेलास, आठ दिवस गुडघाभर चिखलात आणि डोक्यावर पाऊस. घसा सुजला, आणि लघवी पुन्हा लाल. मी जीप घेऊन तुला आणायला आलो तर तू बांधावर उभा होतास, अंगावर घोंगडी. म्हणालास, "रामदास, आता गुलाल कुठला?"

तिथंच मी तुला जीपमध्ये घालून डॉक्टरकडं न्यायला हवं होतं. मला त्या क्षणी कळलं होतं की तो गुलाल नाही, कधीच नव्हता. आणि हेही कळलं की डॉक्टर जे सांगेल ते मला ऐकवणार नाही. म्हणून मी म्हणालो, "मागचा साठलेला हाय. पावसानं सुटला."

तू माझ्याकडं बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "आसंल," आणि जीपमध्ये बसलास. तळेघर ते शिनोली मी अखंड बोलत होतो.

त्यानंतर दोन सीझन गेले. हे दोन सीझन माझ्या नावावर आहेत. यांना चारानं भागलं तरी काही शून्य होत नाही.

कारगिलची लढाई चालली होती तो उन्हाळा. तुझे पाय इतके सुजले की चप्पल शिरेना. सकाळी डोळ्यांखाली भजी आल्यासारखं दिसायचं. वहिनी जीपसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आज पहिली फेरी ह्येंची." तळेघरची सवारी खाली उतरवली आणि तुला घोडेगावला नेलं.

तिथं नव्यानं आलेली एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं रक्तदाब मोजला, परत मोजला. लघवी लाल कधी होते विचारलं. मी पुढं झालो आणि गुलालाची अख्खी गोष्ट, बिटासकट, तिला ऐकवली. सगळे हसायचे त्या जागी ती हसली नाही. तिनं तुला आ करायला सांगितलं, बॅटरी मारली.

"घसा आधी दुखतो की लघवी आधी लाल होते?"

"घसा," तू म्हणालास.

"दर वेळी?"

"दर येळी."

"पावसाळ्यातसुद्धा?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो. तू म्हणालास, "हो. पावसाळ्यात बी."

ती म्हणाली की गुलालाचा काही दोष नाही, घसा आणि किडनी यांचं आत काहीतरी जुळलेलं आहे, आणि पुण्याला जायचं, आजच.

पुण्याच्या डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून किडनीचा कण काढला. मग आठवड्यानं आपल्याला समोर बसवून कागदावर चित्रं काढली. घशातल्या टॉन्सिलच्या गाठी म्हणजे वेशीवरचे पहारेकरी. तोंडावाटे जंतू आला की त्याच्याशी लढायला रक्तात एक पदार्थ तयार होऊन उतरतो. बहुतेकांत तो आपलं काम करतो आणि निघून जातो. तुझा मात्र घडतानाच जरा वाकडा घडायचा. त्याचे गुंते व्हायचे, रक्ताबरोबर फिरत फिरत ते किडनीच्या बारीक चाळणीत जाऊन बसायचे. चाळणी सुजली की रक्त पाझरायचं. म्हणून आज घसा, उद्या-परवा लाल लघवी. आणि लघवी स्वच्छ झाली तरी चाळणी दर वेळी थोडी थोडी खराब होतच राहायची.

मी कागदाकडं बघत होतो. तू मात्र पायऱ्या उतरताना सुरू झालास, दवाखान्याच्या आवारात, माईकशिवाय: "टानशीलच्या वेशीवरनं सुटलेला हा गाडा, बैल वाकडे, जू वाकडं, आन गाडीवान झोपलेला! थेट किडनीच्या घाटात घुसला हो, निशाण मोडलं, कट्टा मोडला, येळ दोन दिस शून्य शून्य!" रिक्षावाले जमा झाले. वहिनी पदरात तोंड घालून हसत होत्या आणि रडतही होत्या, वेगळं काढता येत नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, रक्तदाबाच्या आणि कसल्या कसल्या. मीठ बंद. आणि डॉक्टर म्हणाले की टॉन्सिल काढून टाकल्या तर हे वारंवार उसळणं कमी होईल असं काही डॉक्टर मानतात, काही मानत नाहीत. तुझ्या बाबतीत घशापासूनच दर वेळी सुरुवात होते, तेव्हा काढाव्यात असं त्यांना वाटत होतं. खात्री मात्र त्यांनी दिली नाही. खात्री न देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला त्याचाच विश्वास वाटला.

तू मात्र नाही म्हणालास.

गावात प्रत्येकाला असा एक माणूस ठाऊक होता की ज्याच्या टॉन्सिल काढल्या आणि तो मुका झाला. नाव विचारलं की तो नेहमी दुसऱ्या गावचा निघायचा. पण तू घाबरलास. मंचरच्या पुढं ओढ्याच्या पुलावर तू मला जीप थांबवायला लावलीस आणि म्हणालास, "किडन्या दोन हायेत, रामदास. आवाज येकच हाय."

यावर माझ्याजवळ सतरा गोष्टी तयार होत्या. टॉन्सिल काढल्यावर आवाज दुप्पट झालेला ओतूरचा कीर्तनकार, कोंबड्यासारखा आरवायला लागलेला आळेफाट्याचा कंडक्टर. एकही बाहेर आली नाही. मी म्हणालो, "तू गेल्यावर मी खोटं कुनाला सांगू?"

एवढंच. तू ओढ्यात थुंकलास. मग म्हणालास, "गाडी काढ."

दिवाळीनंतर टॉन्सिल काढल्या. डॉक्टरांनी त्या दाखवल्या तर लिंबाएवढ्या होत्या. बरं, बोराएवढ्या. महिनाभर ओरडायचं नाही, आणि पहिले पंधरा दिवस तर शक्यतो बोलायचंच नाही अशी ताकीद. वहिनींनी पोरीची जुनी पाटी तुझ्या गळ्यात अडकवली. आणि तू तर एका जत्रेची सुपारी आधीच घेऊन बसला होतास! जत्रेला नाही म्हणणं तुझ्या रक्तात नव्हतं, त्यात फक्त ते वाकडं काय ते होतं.

मग ठरलं: तू पाटीवर लिहायचं, मी माईकवर वाचायचं.

कोंड्या, माझ्या आयुष्यातला सगळ्यात थोर दिवस तो. तू लिहिलंस, "१३.२०". मी वाचलं, "अकरा सेकंद आणि वर काही नाही, बैल नव्हे ही वीज, गाड्यापुढची घोडी तर जमिनीला पायच लावत नव्हती!" मैदान उसळलं. तू पाटी माझ्या नाकासमोर धरलीस: "१३.२०!!" मी वाचलं, "निवेदक सांगतात, खरं तर दहा!" तेरावाल्याचा गुलाल उडाला, आधी बारा सेकंदांत आलेल्याचा चुलता कट्ट्यावर चढला, आणि पंच घड्याळ हातात घेऊन तुझ्याकडं बघायला लागले. तू रागानं लाल झालास, थुंकीनं पाटी पुसलीस आणि मोठ्या अक्षरांत लिहिलंस: "४ नं भागू नका. हा हरामखोर हाय." मी तेही वाचून दाखवलं. काय करणार, करार होता. सगळं मैदान इतकं हसलं की चुलतासुद्धा खाली उतरला. पुढच्या सगळ्या बाऱ्यांना मी निमूट खरे आकडे वाचले, आणि तेव्हा कळलं की खरं बोलायला किती घसा लागतो. संध्याकाळी माझा बसला होता.

चैत्रात तू परत कट्ट्यावर चढलास. पहिली बारी सुटायच्या आधी तू माईक हातात घेऊन नुसता उभा होतास. वहिनी बायकांच्या बाजूला, पदराचं टोक दातात. मी जीपच्या टपावर. आणि तू दिलीस. "भिर्रर्र झाऽऽऽली!" आवाज थोडा खाली बसला होता, जुन्या पितळेसारखा. आधीपेक्षा चांगला होता. तुला हे कधी सांगितलं नाही, डोक्यात हवा गेली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागून हाक आली. मी धावलो. तू कमरेवर हात ठेवून, उद्घाटनाचा नारळ फोडल्यासारखा उभा. "बघ," म्हणालास. बघितलं. भाताच्या पेजेसारखी. घोड्याएवढी झालेली दोन माणसं गोठ्यामागं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती. वहिनींनी खिडकी लावून घेतली.

आपला वाद मात्र मिटला नाही. तू म्हणायचास टानशील काढल्या म्हणून झालं. मी म्हणायचो वहिनींनी मीठ बंद केलं म्हणून झालं. डॉक्टर म्हणायचे गोळ्या वेळेवर घेता म्हणूनही असेल, नक्की कुणी सांगू नये. आठ वर्षं हा वाद आपण घोडेगावच्या हॉटेलात, अळणी भजी खात घातला. ती आठ वर्षं मिळाली. आकडा खरा आहे, भागू नकोस.

चाळणी आधीच बरीच झिजली होती, ती पुढं हळूहळू बसत गेलीच. शेवटच्या वर्षी आठवड्यातून दोनदा डायलिसिसला पुण्याला. मी न्यायचो. त्या हॉलमध्येही तू मशीनच्या आकड्यांचं निवेदन करायचास. नर्सबाई म्हणायची, "काका, हळू," आणि शेजारचे सगळे म्हणायचे, "करू द्या हो." परतीच्या वाटेवर दर वेळी मी ठरवायचो की आज आवणीचं सांगायचं. बांधावर मला कळलं होतं आणि मी तुला साठलेल्या गुलालाची थाप मारली, हे सांगायचं. मंचर यायचं, ओढ्याचा पूल यायचा, आणि मी बिबट्याची गोष्ट सुरू करायचो. तू डोळे मिटून म्हणायचास, "कुत्रं व्हतं." झालं.

तर त्या दिवशी, सहाशे माणसं अंगणात, तू आडवा, आणि कुणीतरी गुलालाचं ताट आणलं. प्रत्येकानं मूठ घेतली. गाडामालक आले, पंच आले, ते चांगल्यातला गुलाल आणणारे आले, त्यांनी याही वेळी चांगल्यातलाच आणला होता. माझ्या हातात कुणीतरी मूठभर दिला. आणि माझी मूठ उघडेना. पंधरा वर्षांचा तो गुलाल माझ्या हाताला चिकटून बसला. मी मागं सरकत सरकत जीपपर्यंत गेलो.

वहिनी माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज अगदी साधा.

"भावजी, टाका. तुमच्या हातचाच पायजे, सांगून ठिवलंय त्येंनी."

मी मान हलवली. म्हणालो, "वहिनी, त्या गुलालाचं मी त्याला..."

"ठाऊक हाय. त्येंना बी ठाऊक व्हतं, आवणीपास्नं. म्हनले, रामदास लई भ्यालता, मंग मीच 'आसंल' म्हनलो." त्यांनी माझा हात धरला आणि तुझ्याकडं ओढलं. "आन म्हनलेत, त्येला सांग, तोंडावर टाक. ह्या बारीला बाहेर पडनार न्हाई."

सहाशे माणसांत मी एकटाच मोठ्यानं हसलो, कोंड्या. लोकांना वाटलं वेडा झाला.

म्हणजे तू भागाकार केला होतास. तेव्हाच, बांधावर, घोंगडीत उभ्या उभ्या. आणि उत्तर मला सांगितलं नाहीस.

मी टाकला. तोंडावरच टाकला. एक मूठ होता, कोंड्या. चारानं भागू नकोस. पुरी एक मूठ.